सरवरीचे सात टाके

बोरदऱ्यात नूरमहंमद पिंजाऱ्याइतका खरा माणूस दुसरा नाही, असं गाव म्हणायचं; आणि गावापेक्षा चार वेळा जास्त ते स्वतः नूरमहंमद म्हणायचा. कुणाच्या गादीतला पावशेर कापूस चुकून त्याच्या गाठोड्यात आला, तर तो दोन मैल चालत जाऊन परत देऊन येई, आणि मग ती हकिकत चावडीवर महिनाभर पुरवून पुरवून सांगे. रेशनच्या काळात तर त्याच्या खरेपणाला ऊतच आला. साखर, रॉकेल, कापड सगळं माणशी मोजून मिळत होतं, आणि लोक मेलेल्या सासूच्या नावावर साखर उचलत होते. त्याच दिवसांत त्याची धाकटी बहीण सरवरी कराचीला गेली. ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी हा गडी तलाठ्यापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या घरातलं एक माणूस कमी करा. तलाठ्यानं मान वर करून त्याच्याकडे नीट बघून घेतलं. नाव वाढवायला येणारे त्यानं ढीग बघितले होते, कमी करायला आलेला हा पहिलाच. त्यानं वहीत लिहिलं, 'सरवरी, कराचीस गेली, नाव कमी', आणि नूरमहंमदनं खाली झोकात सही ठोकली. सही करता येणं हाही त्याचा एक अभिमानच होता.

सरवरी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली, तान्हं पोरही गेलं, आणि ती भावाच्या घरी परत आली. भावजय शरिफा वाईट नव्हती, पण दोन बायकांना पुरेल एवढं त्या घरात कामही नव्हतं आणि धान्यही नव्हतं. सरवरीनं रडत बसायचं सोडून नगरची वाट धरली आणि कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आया म्हणून राहिली. रात्रंदिवस बंगल्यातच राहायचं, मुलांना न्हाऊमाखू घालायचं, त्यांच्या उशाशी झोपायचं. रेशनला तिचं नाव बोरदऱ्यातच होतं, आणि तिच्या वाटची साखर नूरमहंमद दर महिन्याला नगरला नेऊन तिच्या हातात देई. साहेबाची दोन्ही पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली, आणि 'आया, हिकडं ये' असं अस्सल बोरदऱ्याच्या बोलीत हुकूम सोडू लागली. सत्तेचाळीसच्या माघात साहेबाची बदली कराचीला झाली तेव्हा धाकटी पोरगी हिच्या गळ्यात पडून सोडेना. मेमसाहेब म्हणाली, वर्षभर चल. सरवरी गेली. तेव्हा कराची म्हणजे मुंबईहून आगबोटीनं जायचं एक गाव होतं. पुढे पावसाळ्यात देशाचे दोन देश झाले, आणि बाई बसल्या जागी परदेशात गेली.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात पत्र आलं. पावसाळा म्हणजे पिंजाऱ्याचा वैरी. हवेत ओल असली की कापूस पिंजायच्या कमानीच्या तातीला, म्हणजे दोरीला, चिकटतो, फुलत नाही. म्हणून कमान आढ्याला टांगून नूरमहंमद आणि शरिफा दोघंही आबासाहेबांच्या बाजरीत खुरपायला जात होती. आबासाहेब गावचे पोलीस पाटील. टपाल त्यांच्याकडेच यायचं. ते बांधावर आले, पत्र नूरमहंमदच्या हातात न देता स्वतःच उघडलं, आणि चिखलात उकिडव्या बसलेल्या दोघा नवराबायकोंना वाचून दाखवलं.

पत्र लिहिणारी मिरजेकडची एक ख्रिस्ती नर्स होती. सरवरीच्या छातीत पाणी झालं आहे, दोन महिने ताप उतरत नाही, असं तिनं लिहिलं होतं. साहेब मंडळी वैशाखातच विलायतेला गेली. जाताना हिला धर्मादाय दवाखान्यात ठेवून गेली. डॉक्टर म्हणतात, घरच्या माणसांत नेली तर कदाचित उठेल, इथं उठणार नाही. पण या महिन्यापासून हिंदुस्थानात जायला परमिट लागतं, त्याशिवाय बोटीचं तिकीट मिळत नाही. परमिटाच्या कचेरीत तिला विचारलं, तू हिंदुस्थानची कशावरून? तर तिच्याजवळ एक कागद नाही. तिनं अर्ज केला आहे, त्याची चौकशी तुमच्या तालुक्याला येईल, ती लवकर करून घ्यावी.

शरिफाच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. नूरमहंमद मात्र उठला, हातपाय धुतले आणि म्हणाला, यात काय अवघड आहे? आपण काही खोटं सांगणार नाही. खरं सांगायला वेळ कितीसा लागतो?

दुसऱ्या दिवशी तो कर्जतला गेला. उघडीप पडून वाटेतल्या गावात कुणाची गादी पिंजायची निघालीच तर असावी म्हणून त्यानं कमान खांद्याला लावली होती. कचेरीच्या व्हरांड्यात शिरताना ती दाराच्या चौकटीला अडकली आणि तात टण्णकन वाजली. सगळे कारकून दचकले. त्या दिवसांत निजामाच्या सरहद्दीवर धामधूम चालू होती. जामखेडकडून रोज एक नवी बातमी येई, आणि कचेरीत दाढीवाला माणूस दिसला की लोक चष्म्यावरून बघत. शिपायानं त्याला कमान बाहेर झाडाखाली ठेवून यायला लावली, मग धोतराचा सोगा झटकून दाखवायला लावला. चार वाजेपर्यंत तो व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिला. ज्या कचेरीतल्या निम्म्या गाद्या त्यानं पिंजल्या होत्या, त्यातल्या एकीवर बसलेला अव्वल कारकून त्याला बस म्हणाला नाही.

कारकून तसा दुष्ट नव्हता. त्यानं नगरहून आलेला कागद काढला, बोरदऱ्याची रेशनची यादी काढली, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बोट ठेवलं. सही कुणाची, म्हणाला. नूरमहंमदनं वाकून बघितलं. सही त्याचीच होती, आणि चांगली होती.

"मग झालं तर," कारकून म्हणाला. "बाई गेली, तिसऱ्या दिवशी भावानं नाव कमी केलं. हिंदुस्थान सोडून कायमची गेली असाच याचा अर्थ होतो. परत येणार होती तर नाव का काढलंत?"

"साहेब, ती हितं न्हवती. हितं नसलेल्या मानसाची साखर आमी कशी खायाची?"

आपल्या नोकरीत असलं उत्तर कारकुनानं ऐकलं नसावं, आणि ऐकून त्याचा विश्वासही बसला नाही. तरी त्यानं एक वाट सांगितली. बाईला पाकिस्तानची रहिवासी म्हणून लिहून द्या, भावाला भेटायला येते म्हणा. दोन महिन्यांचं तात्पुरतं परमिट पंधरा दिवसांत मिळेल. दोन महिने झाले की परत जायचं. आजारी माणूस आहे, पुढचं पुढे बघता येईल. कायमच्या परमिटाच्या मागे लागलात तर महिने जातील, आणि या सहीवर ते मिळेल असं मला वाटत नाही.

नूरमहंमद घरी आला तो तोंडाला कुलूप घालून. शरिफानं सगळं काढून घेतलं आणि म्हणाली, घ्या दोन महिन्यांचं. जीव वाचला तर बाकीच्या गोष्टी. हेच बरोबर होतं, त्यालाही ते कळत होतं. पण सही तिच्या वतीनं करायची म्हणजे तिला विचारायला हवं, असं म्हणून त्यानं आबासाहेबांकडून पत्र लिहून घेतलं. उत्तराला चोवीस दिवस लागले. तेवढ्या दिवसांत बाजरी निसवली, आणि शरिफा रोज दुपारी बांधावरून टपालाच्या वाटेकडे बघत राहिली.

उत्तर त्याच नर्सच्या अक्षरात होतं, पण बोलणं सरवरीचं होतं. तिनं सांगितलं तसंच लिहिते, असं नर्सनं वर नमूद केलं होतं. आबासाहेब वाचताना दोनदा थांबले.

"भाई, मी हितं कामाला आले हुते, ऱ्हायला न्हाई. सायबाची पोरं मी संबाळली, माझं काम झालं, आता मी घरी येनार. माझ्याच घरी मी पाव्हनी म्हनून येनार न्हाई. दोन म्हैन्यांनी उठून परत जायाचं तर कुटं जायाचं? हितं माजं कोन हाय? मेले तर हितं मेले म्हनून तुला कळंल. पन खोटं लिवून देऊ नगं. तू कदी दिलं न्हाईस, आता माझ्यापायी देऊ नगं."

नूरमहंमद उठून घराच्या मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते, पण मान ताठ होती. आपली बहीण मरणाच्या दारात पडून असं बोलते याचा त्याला इतका अभिमान वाटला की त्या अभिमानाचं काय करावं ते त्याला कळेना.

शरिफाला मात्र अभिमान परवडणारा नव्हता. आबासाहेब गेल्यावर ती जी सुटली ती आवरेना. आबासाहेबांनी जाता जाता हळूच सुचवलं होतं की, तलाठी आपला माणूस आहे. जुनं पान काढून नवं लावता येईल, नाव कमी झालंच नव्हतं असं करता येईल. आणि नूरमहंमदनं हात जोडून नको म्हटलं होतं.

"तुमी दोघं भाऊभैन खरं बोलून सोर्गात जावा," शरिफा म्हणाली. "पन ती मेली तर तुमच्या त्या सहीनं मेली हे मी बोलनार. समद्या गावात बोलनार. दोन म्हैन्यांचं परमिट खोटं, नवं पान खोटं, मग खरं काय हाय तुमच्याकडं? ती परत येनार हुती हे या गावात कुनालाच म्हाईत नव्हतं का? मग देवाच्या गादीला काटा कुनासाठी टोचलाय?"

ती तावात बोलून गेली आणि स्वतःच थांबली.

त्या काट्याचं असं होतं. बोरदऱ्याच्या भैरोबाची पालखी चैत्रात निघते, आणि पालखीतली गादी दर वर्षी नव्यानं भरायचा मान पिंजाऱ्याच्या घराकडे आहे. हा मान कधीपासून आहे ते कुणाला माहीत नाही, आणि पिंजारी मुसलमान म्हणून कधी कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही. कापूस पिंजायचा घरच्या पुरुषानं. गादी भरून झाली की तोंडाचे शेवटचे सात टाके मात्र घालायचे त्या घरात जन्मलेल्या लेकीनं. सुनेला ते चालत नाही. शरिफा लग्न होऊन आली त्याला वीस वर्षं झाली, पण त्या गादीला तिची सुई कधी लागली नव्हती, आणि याचं तिला दर चैत्रात थोडं वाईट वाटायचं. टाके घालायचा मान सरवरीचा. नगरच्या बंगल्यातून ती दर वर्षी मेमसाहेबाशी भांडून चार दिवसांची रजा काढून यायची ती एवढ्यासाठी. लेक मेली किंवा कायमची कुठं निघून गेली, तर मान पुढच्या लेकीकडे जातो. पण ती नुसती गावाला गेली असेल आणि येणार असेल, तर टाके कुणीच घालायचे नाहीत. तेवढी जागा उघडी ठेवायची आणि बाभळीचा काटा टोचून बंद करायची. सरवरी गेल्यापासून दोन यात्रा झाल्या होत्या. दोन्ही वर्षी देव काट्याच्या गादीवर बसून गावात फिरला होता. नूरमहंमदची लेक रजिया बेलापूरला दिलेली होती, ती दोन्ही यात्रांना माहेरी आली होती. या वर्षी ती सुई ओवून पुढेही झाली, तर गुरवानं तिला सांगितलं, तुझी आत्या आहे अजून, तू बस.

एवढी गोष्ट नूरमहंमदच्या डोक्यात आली नाही, कारण ती त्याच्या लेखी पुरावा नव्हतीच. हवा असते, पाणी असतं, तसा काटा होता. पुरावा म्हणजे सही आणि शिक्का, असं त्याचं मत. शरिफाला ते दिसलं, कारण त्या टाक्यांपाशी तिला वीस वर्षं अडवून ठेवलं होतं.

पण देवाची गादी चैत्राशिवाय देवळाबाहेर निघत नाही. ती कर्जतला नेणं शक्य नव्हतं, म्हणजे मामलेदारालाच बोरदऱ्यात यायला हवं होतं. मामलेदार विष्णुपंत कडक म्हणून ओळखले जायचे. कार्तिकात पिकांची आणेवारी ठरवायला ते गावोगाव फिरणार, तेव्हा बोरदऱ्यातही यायचे होते. तोवर दोन महिने थांबणं आलं. ते दोन महिने त्या घरानं कसे काढले ते त्या घरालाच ठाऊक. भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं, गावात साखर वाटली, नूरमहंमदनंही ती खाल्ली. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, सुगीचा कापूस घरोघर आला, आणि पिंजाऱ्याचे कामाचे दिवस सुरू झाले. रोज पहाटे तो कमान उतरवायचा, लाकडी मुठीनं तात छेडायचा, आणि दिवसभर कापसाच्या धुरळ्यात उभा राहायचा. भुवया, दाढीमिशा, कानातले केस सगळे पांढरे व्हायचे. शरिफा फुललेला कापूस खोळीत भरायची, काठीनं बडवून सारखा करायची. संध्याकाळी दोघंही खोकत बसायची. खोकताना तिकडे छातीत पाणी झालेल्या सरवरीची आठवण निघायची, आणि मग दोघंही खोकला दाबायची. नर्सचं एक कार्ड मध्ये आलं. पाणी काढलं आहे, थोडं बरं आहे, वाट बघते, एवढंच त्यात होतं.

मामलेदार आले ते सकाळी घोड्यावरून. दिवसभर शेतं पाहिली, पिकाचे आणे ठरवताना लोकांशी हुज्जत घातली, आणि चावडीवर येऊन बसले तेव्हा उन्हं कलली होती. आबासाहेबांनी विषय काढला. विष्णुपंतांनी अर्ध्यातच थांबवलं. प्रकरण आपल्याला माहीत आहे, म्हणाले. भावानंच नाव कमी केलं आहे, यावर आणखी काय बोलायचं? तेव्हा आबासाहेब म्हणाले, रावसाहेब, बोलायचं काहीच नाही, देवळापर्यंत चालायचं आहे.

देवळापुढे सगळं गाव आधीच जमलं होतं. गुरव सकाळपासून ओलेत्यानं बसला होता. अवेळी गादी बाहेर काढायची म्हणून त्यानं देवाला नारळ दिला होता. त्यानं गादी आणून पायरीवर ठेवली. हातभर रुंद, लाल खारव्याच्या जाड कापडाची छोटीशी गादी. तीन बाजू बारीक टाक्यांनी शिवलेल्या. चौथ्या बाजूला चार बोटं जागा उघडी, आणि तिथं वाळून काळा झालेला बाभळीचा काटा.

विष्णुपंत भिक्षुकी घराण्यातले. गादीला हात न लावता ते जवळ बसले आणि निरखून बघू लागले. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. काटा कधी टोचतात? टाके सून का घालत नाही? बाई मेली असती तर? कायमची गेली असती तर? या घरात दुसरी लेक आहे का? गुरव सांगत होता, आबासाहेब सांगत होते, पण सगळ्यांत जास्त केशरबाई सांगत होती. ती गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, काठी टेकत पुढे आली होती. सरवरीच्याही आधी सरवरीची आत्या हे टाके घालायची, आणि एके वर्षी ती बाळंत होती म्हणून काटा टोचला होता, तेही केशरबाईला आठवत होतं.

"म्हणजे या नूरमहंमदची मुलगी हजर असताना तुम्ही तिला टाके घालू दिले नाहीत," विष्णुपंत म्हणाले.

"कसं घालू देनार?" केशरबाई म्हणाली. "जिचा मान ती जित्ती हाय, आन् यायची हाय. आमी काय तिचं नाव पुसलं का?"

हे शेवटचं वाक्य नूरमहंमदच्या काळजात गेलं. गावानं पुसलं नव्हतं, त्यानं पुसलं होतं. तो सगळ्यांच्या मागे खांबाला टेकून उभा होता. विष्णुपंतांनी कागद मागवला आणि कारकुनाला पंचनामा सांगायला लागले, की गादीची चौथी बाजू चार बोटे उघडी असून तीस बाभळीचा काटा टोचलेला आढळला, सबब सदर बाई गावी परत येणार अशी गावाची समजूत दोन वर्षे अखंड होती. तेवढ्यात नूरमहंमद पुढे आला.

"रावसाहेब, नाव मीच कमी केलं तेबी त्यात लिवा."

लोकांत चुळबुळ झाली. शरिफानं पदराखाली कपाळाला हात लावला. बाभळीच्या काट्यानं एवढं सावरलं होतं, आणि हा माणूस स्वतःच्या हातानं ते उसवायला निघाला होता.

"ते कशाला?" विष्णुपंत म्हणाले. "ते रेशनच्या यादीत आहे."

"यादीत हाय, पन का केलं ते न्हाई. ती हितं नव्हती, तिच्या वाटची साखर मी खानार नव्हतो, म्हनून केलं. ती परत आली की परत लावनार हुतो. हे खरं हाय. हे ठिऊन नुसतं काट्याचं लिवलं तर ते अर्धंच झालं. आन् अर्धं लिवून आनलेली माझी भैन घरात पाय टाकनार न्हाई."

विष्णुपंतांनी गावाकडे नजर फिरवली. आबासाहेब म्हणाले, असाच आहे तो, आम्हीसुद्धा कंटाळलोय. हसू पिकलं. विष्णुपंत हसले नाहीत. त्यांनी कारकुनाच्या हातातली लेखणी घेतली आणि पुढचं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर ते वाचून दाखवलं, कारण पंचांना वाचून दाखवावं लागतं. 'नाव कमी करण्याचे कारण भावाने सांगितले ते ऐकून, व या कामी स्वतःविरुद्ध जाणारी गोष्ट त्याने आपण होऊन नोंदवण्यास लावली हे पाहून, आमची खात्री झाली की हा इसम खोटे बोलणारा नाही, व त्याची बहीण मौजे बोरदरा येथील राहणारी आहे.' पंचांनी सह्या केल्या, केशरबाईनं अंगठा उठवला. नूरमहंमदनंही सही केली, पण या वेळी ती काही झोकात आली नाही.

कागद नगरला गेला, नगरहून मुंबईला, मुंबईहून कराचीला. पौषात तार आली. बोट अमुक दिवशी मुंबईला लागेल, एक पारशी कुटुंब तिला नगरच्या गाडीत बसवून देईल, नगर स्टेशनावर घ्यायला या. आबासाहेबांनी आपली छकडा गाडी दिली. नूरमहंमदनं नव्या कापसाची जाड गादी भरून गाडीत घातली, आणि नवराबायको दोन दिवसांची वाट धरून निघाली.

आगगाडीतून उतरली ती सरवरी त्यांनी आधी ओळखलीच नाही. जाताना भरल्या अंगाची बाई होती. आता लुगडं काठीवर टांगावं तसं तिच्या अंगावर टांगलेलं होतं. शरिफानं धावत जाऊन तिला धरलं, आणि हातात आलेली हाडं धरून ती हुंदके द्यायला लागली. सरवरी रडली नाही. तिनं आधी कमरेची पिशवी चाचपली, त्यातून घडी घातलेलं परमिट काढलं आणि भावापुढे धरलं.

"वाच," ती म्हणाली. "काय म्हनून आनलंस ते वाच."

नूरमहंमदला सही यायची, वाचन जेमतेम होतं. स्टेशनावरच्या हमालांच्या गर्दीत उभं राहून त्यानं अक्षर अक्षर जुळवत वाचलं. नाव सरवरी. राहणार बोरदरा, तालुका कर्जत. मुक्काम कायम. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग ती म्हणाली, आता मला बसवा.

वाटेत त्यानं तिला सगळं सांगितलं. नाव कमी केल्याचं सांगताना त्यानं बैलांकडे तोंड केलं. आपल्यापायी तिचे चार महिने दवाखान्यात गेले हे तो तिच्या तोंडावर बोलू शकत नव्हता. सरवरीला बोलायला दम लागत होता, म्हणून ती शब्द जपून काढत होती.

"भाई," ती म्हणाली, "बंगल्यावर मेमसायब साखरंला कुलूप लावायची. साऱ्या नोकरांना लावायची. माझ्यापुढं न्हाई लावायची. का लावायची न्हाई, ते मला तवाच म्हाईत हुतं. मी पिंजाऱ्याची लेक हाय."

नूरमहंमदनं बैलांना उगाचच हाकारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोरदरा दिसायला लागला. वेशीपाशी लोक जमलेले दुरून दिसत होते. सरवरी उठून बसली आणि म्हणाली, मला उतरवा. शरिफा नको नको म्हणत होती, छकडा दारापर्यंत जाईल म्हणत होती. पण तिनं ऐकलं नाही. एका बाजूनं भाऊ, एका बाजूनं भावजय, अशी ती वेशीतून चालत आत आली. दर दहा पावलांनी थांबायची, दम घ्यायची, आणि जे जे तोंड समोर दिसेल त्याला नावानं हाक मारायची. केशरबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिच्या पायावर पाणी घातलं.

चावडीच्या ओट्यावर कर्जतचा पोलीस हवालदार बसला होता. पाकिस्तानातून आलेल्या प्रत्येक माणसाची नोंद घ्यायचा हुकूम होता, आणि तो बिचारा सकाळपासून ताटकळला होता. त्याच्यापुढे छापील कागद होता. आबासाहेब म्हणाले, बाईला आधी घरी जाऊ दे, पाणी पिऊ दे. पण सरवरीच ओट्याजवळ गेली आणि खांबाला धरून उभी राहिली. हवालदारानं नाव विचारलं, वय विचारलं, कोणत्या बोटीनं आलात ते विचारलं. तिनं सगळं सांगितलं. परमिट दाखवलं. मग त्यानं पुढचा रकाना वाचला. परदेशातून आलेल्यांना तो विचारायचाच असतो.

"इथं कोणाकडे उतरलात?"

सरवरीनं त्याच्याकडे बघितलं. ती घामानं भिजली होती, आणि श्वास छातीत मावत नव्हता. तरी तिनं पदर सावरला, आणि सगळ्या वेशीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "उतरले न्हाई. ऱ्हाते मी हितं."

हवालदार लेखणी धरून थांबला. त्या उत्तराला कागदावर जागा नव्हती. त्यानं आबासाहेबांकडे बघितलं, आबासाहेबांनी काहीच मदत केली नाही. शेवटी त्यानं त्या रकान्यात आडवी रेघ ओढली आणि बाईला म्हणाला, जावा आई, घरी जावा.

नूरमहंमदनं बहिणीला उचलून घेण्यासाठी हात पुढे केले. तिनं ते बाजूला सारले आणि पिंजारवाड्याकडे चालू लागली. तो तिच्या मागोमाग, दोन पावलं अंतर ठेवून, सावकाश चालत राहिला.